चिठ्ठी काढून भेटवस्तू : थोड्या पैशांत मनाजोगती भेट कशी निवडावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांचे शिक्षकवृंद, बँकांच्या शाखा, भिशीची मंडळे आणि वसतिगृहे यांत चिठ्ठी काढून एकमेकांना भेट देण्याची पद्धत आता मराठवाड्यातही चांगली रुळली आहे. तिच्याविषयी आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. रकमा अंदाजाने दिल्या आहेत. गावागणिक आणि हंगामागणिक त्यांत थोडाफार फरक पडेल.

१. ही पद्धत नेमकी कशी असते? आमच्या शाळेत यंदा पहिल्यांदाच करायचे ठरले आहे.

गटातील प्रत्येकाचे नाव एकेका चिठ्ठीवर लिहून त्या घड्या करून डब्यात टाकायच्या, प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, स्वतःचेच नाव आल्यास ती परत टाकून दुसरी घ्यायची आणि आपल्याला कोणाचे नाव आले हे ठरलेल्या दिवसापर्यंत गुप्त ठेवायचे, एवढाच मूळ नियम आहे. शहरांतील कार्यालयांत याला 'सीक्रेट सँटा' म्हणतात आणि तो डिसेंबरअखेर होतो, परंतु तोच मुहूर्त धरण्याचे काही कारण नाही. दिवाळीने सगळ्यांचेच खिसे हलके केलेले असतात, म्हणून संक्रांत ते रथसप्तमी हा काळ आम्हाला अधिक सोयीचा वाटतो.

दोन गोष्टी मात्र आरंभीच कराव्यात. चिठ्ठीवर नावाखाली प्रत्येकाने 'मी रोज वापरतो अशी एक वस्तू' आणि 'मला चालत नाही अशी एक गोष्ट' लिहावी; एवढे केले तरी पुढचे निम्मे प्रश्न उद्भवत नाहीत. दुसरे म्हणजे, कोणाकडे कोणाची चिठ्ठी गेली याची यादी एका विश्वासू व्यक्तीने बंद पाकिटात ठेवावी. तिचा उपयोग प्रश्न १८ मध्ये दिसेल.

२. रकमेची मर्यादा किती ठेवावी? आमच्यात कोणी शंभर म्हणतो, कोणी पाचशे.

गटात ज्याचे उत्पन्न सर्वांत कमी आहे त्याला जी रक्कम सहज पेलेल तीच गटाची मर्यादा असावी. ज्या शाळेत पूर्ण वेतनावरील शिक्षकांबरोबर तासिका तत्त्वावरील शिक्षकही असतात, तेथे पाचशे रुपये ही रक्कम कोणी उघडपणे नाकारत नाही, पण तासिकेवाल्याला ती जड जाते, आणि बैठकीत हात वर करून मत मागितले तर तो गप्प बसतो. म्हणून रक्कमही चिठ्ठीवरच लिहून मागावी आणि आलेल्या आकड्यांची सरासरी न काढता सर्वांत लहान आकडा घ्यावा. वरच्या मर्यादेबरोबर खालचीही ठरवावी. '१५० ते २००' असे सांगितले की कोणी पन्नास रुपयांचे पाकीट किंवा हजाराची वस्तू आणून इतरांना अवघडवत नाही.

३. ज्यांचे नाव आले त्यांना मी जेमतेम ओळखतो. कोणाला विचारले तर गुपित फुटेल. काय करावे?

त्या व्यक्तीचा पूर्ण स्वभाव जाणून घेण्याची गरज नाही. खरी ठरणारी एक बारीक गोष्ट हेरली तरी पुरते. दोन-तीन दिवस जरा पाहत राहावे. डबा कशात आणतात, चष्मा कशाने पुसतात, दुचाकीवर येतात की एसटीने अप-डाउन करतात, चहा साखरेचा घेतात की बिनसाखरेचा, खडूची भुकटी बोटांना लागली की हात कशाला पुसतात. जालन्याहून रोज अप-डाउन करणाऱ्या व्यक्तीच्या शर्टाच्या खिशात पास, आधार कार्ड आणि सुटे पैसे एकाच रबर बँडमध्ये बांधलेले दिसले, तर दोन कप्प्यांची चेन असलेली लहान कापडी पाऊच ही तिच्यासाठी योग्य भेट आहे, आणि ती दीडशे रुपयांच्या आत येते. अशी भेट मिळालेल्या माणसाच्या लक्षात राहते ती पाऊच नव्हे, तर आपल्याकडे कोणीतरी पाहिले ही गोष्ट.

शिपाई मामा किंवा कार्यालयातील लिपिक यांना बहुतेकांच्या सवयी ठाऊक असतात. त्यांना विचारायचेच झाले तर चार-पाच जणांबद्दल एकदम विचारावे.

४. दोनशे रुपयांत चांगले असे मिळते तरी काय? बाजारात गेलो की सगळे स्वस्त आणि भुक्कड दिसते.

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि त्याचे उत्तर एका नियमात आहे: मोठ्या वस्तूची हलकी प्रत घेऊ नये, लहान वस्तूची उत्तम प्रत घ्यावी. दोनशे रुपयांचे भिंतीवरचे घड्याळ, दोनशे रुपयांचे हेडफोन, फोटोची चौकट, प्लास्टिकची फुलदाणी या सगळ्या मोठ्या वस्तूंच्या हलक्या प्रती आहेत. त्या देणाऱ्यालाही ठाऊक असतात आणि घेणाऱ्यालाही. तेच दोनशे रुपये घेऊन चहाची गाळणी घ्यायला गेलात तर दुकानातील सर्वांत चांगली गाळणी तुमची होते, जाळी दुहेरी, दांडा जड, कड वळवून बंद केलेली, आणि ती दहा वर्षे रोज दोनदा हातात येते.

अशा वस्तू कपाटात ठेवण्याच्या नसून हाताशी असण्याच्या असतात: लोखंडी फोडणीची पळी, लाकडी रवी, घट्ट विणीचा सुती पंचा, चांगले नखकापणे, झाकण घट्ट बसणारी काचेची बरणी, शाईचे पेन आणि शाईची बाटली, धारेची किसणी, विजेरी. या वस्तू भेटवस्तूंच्या दुकानात शोधू नयेत. तेथे वस्तूपेक्षा डब्याचे आणि चकचकीत कागदाचे पैसे जास्त जातात. भांड्यांची जुनी दुकाने, आठवडी बाजारातील लोहाराची पथारी, छत्रपती संभाजीनगरचे गुलमंडी आणि औरंगपुरा, नांदेडचे वजिराबाद या ठिकाणी एक फेरी मारावी. लातूरकरांना तर गंजगोलाईच पुरे. तेथून फुटणाऱ्या सोळा रस्त्यांवर सोन्यापासून मिरची-गुळापर्यंत सगळा बाजार मांडलेला असतो.

घेताना वस्तू हातात धरून पाहावी. पळीचा दांडा आणि वाटी जेथे जोडली आहे तेथे दोन रिव्हिटे असावीत. एकच असेल तर महिन्याभरात वाटी फिरू लागते. पंचा उजेडासमोर धरून पाहावा. त्यातून पलीकडचा माणूस ओळखू येत असेल तर तो पाणी टिपणार नाही.

५. मराठवाड्याची ओळख सांगणारी वस्तू द्यायची आहे, पण पैठणी आणि हिमरू परवडत नाहीत. मग काय?

परवडत नाहीत हे मान्य करूनच पुढे जावे. पैठणी ही रेशीम आणि जर यांची हातमागावरची वीण आहे, तिचा काठ-पदर एकेक धागा गुंफत सिद्ध होतो. सूत आणि रेशीम यांच्या मिश्र विणीची खरी हिमरू शालही दोन-तीनशे रुपयांत मिळणे शक्य नाही. त्या किमतीत जे मिळते ते यंत्रमागावरचे अनुकरण असते, आणि ते 'पैठणी' म्हणून देणे आम्हाला पटत नाही. पैठणीच्या काठाचे कापड लावलेली लहान पर्स द्यायला हरकत नाही, फक्त तिला पैठणी म्हणू नये.

याउलट खाण्या-पिण्याच्या जिनसांत मराठवाड्याचा अस्सल माल थोड्या पैशांत येतो. हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद, लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची पट्टडी चिंच, जालन्याची दगडी ज्वारी या सर्वांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अर्धा किलो तूरडाळ किंवा पाव किलो चिंच दोनशे रुपयांत बसते आणि वर बरणीचेही पैसे उरतात. हळद देताना पूड न घेता हळकुंडे घ्यावीत. पुडीत भेसळ करणे सोपे असते, हळकुंड मात्र मोडून आतला रंग पाहता येतो. ज्यांना द्यायची ते गिरणीवरून दळून आणतील, आणि न दळता ठेवली तरी ती बराच काळ टिकते.

माल कोठून आणला हे चार ओळींत लिहून बरणीला बांधावे. मात्र वसमतला न जाता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून सुटी हळद आणली असेल तर चिठ्ठीवर वसमत लिहू नये.

कापडच द्यायचे असेल तर नांदेडची खादी आहे. राष्ट्रध्वजाचे कापड तयार करणारे गाव म्हणून नांदेड ओळखले जाते, आणि खादी भांडारातील रुमाल किंवा लहान उपरणे या रकमेत बसू शकते. तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेलाही मानांकन आहे, परंतु ती श्रद्धेची वस्तू असल्याने ती देण्यापूर्वी प्रश्न १३ वाचावा.

६. खाण्याचा पदार्थ दिला तर चालतो का?

चालतो, पण टिकणारा द्यावा आणि काय चालत नाही ते आधी कळलेले असावे. कुंथलगिरीचा खवा कितीही नावाजलेला असला तरी तो सकाळी आणून संध्याकाळी समारंभात उघडण्याची वस्तू नाही. सीताफळ दोन दिवसांत पिचते, हुरडा तर शेतातच खायचा असतो. चटण्या, सांडगे, कुरडया, डिंकाचे लाडू, भाजलेले फुटाणे अशा गोष्टी निर्धोक आहेत. मधुमेह, शेंगदाण्याची अॅलर्जी, जैन सहकाऱ्यांचे कांदा-लसूण वर्ज्य असणे यांची चौकशी करणे जड जाते, म्हणूनच प्रश्न १ मध्ये चिठ्ठीवर 'चालत नाही' असा रकाना सुचवला आहे. पाकिटावर घटकपदार्थ आणि केल्याची तारीख लिहावी.

७. घरी केलेली वस्तू दिली तर 'पैसे वाचवले' असे वाटेल का?

वस्तू कशी आहे यावर ते ठरते. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या लाडवांबद्दल तसे वाटू शकते. स्वच्छ बरणीतील येसराबद्दल कोणाला वाटणार नाही. येसर हे मराठवाड्याबाहेरून बदलून आलेल्या सहकाऱ्यासाठी आमच्या मते सर्वोत्तम घरगुती भेट आहे. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, सुकी मिरची आणि खडा मसाला वेगवेगळे खमंग भाजून एकत्र दळले की ते तयार होते. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे असते आणि तेच त्याचे मोल आहे. कोल्हापूर किंवा नागपूरकडच्या माणसाला त्याचे काय करायचे हे माहीत नसते, म्हणून सोबत कृती लिहून द्यावी: दोन-तीन चमचे येसर पाण्यात गुठळी न राहता कालवावे, लसूण-जिऱ्याच्या फोडणीत ओतावे, मीठ घालून उकळी आणावी आणि आमटी भाकरीबरोबर खावी. काळं तिखटही असेच देता येईल, पण ते घरोघरी असते, त्यामुळे स्थानिक माणसाला त्याचे अप्रूप कमी.

साहित्याचा खर्च मर्यादेत धरावा, श्रमाचा धरू नये. शिवणकाम येत असेल तर चौकोनी गोधडीचे आसन उत्तम. जुन्या लुगड्याचे कापड वापरले असेल तर ते आधी सांगावे, कारण परक्याच्या घरातले वापरलेले कापड काहींना नको असते.

८. आमचा कार्यक्रम एप्रिलअखेर असतो. उन्हाळ्यात काय द्यावे?

चॉकलेट आणि मेणबत्त्या यांचा विचार सोडून द्यावा. परभणी-नांदेडच्या उन्हात पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना दोन्ही वस्तू दुचाकीच्या डिकीतच वितळतात. या दिवसांत वाळ्याची जुडी हाताशी आहे. ती स्वच्छ धुऊन माठात टाकली की पाण्याला वास येतो, आणि तिला पैसेही फार पडत नाहीत. उरलेल्या पैशांत सुती गमछा किंवा माठावर ठेवायचे झाकण आणि ओगराळे घेता येते. मातीची बाटली सुंदर दिसते, पण एसटीने जाणाऱ्याला ती देऊ नये.

९. पुस्तक द्यावे असे वाटते, पण हल्ली किमती फार आहेत.

नॅशनल बुक ट्रस्ट, साहित्य अकादमी आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांची पुस्तके बाजारभावाच्या मानाने पुष्कळ स्वस्त असतात. मंडळाची प्रकाशने छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय ग्रंथागारात पाहायला मिळतात; तेथे दुकानासारखी मांडणी नसते, तेव्हा वेळ काढून जावे. जुने पुस्तक दिले तरी चालेल, मात्र पाने पूर्ण आहेत का हे पाहूनच. आपल्याला आवडलेले पुस्तक आणि समोरच्याला वाचवेल असे पुस्तक यांत फरक असतो. जो रोज फक्त क्रीडापान वाचतो त्याला कवितासंग्रह देऊन सुधारण्याची ही वेळ नव्हे.

१०. रोपटे दिले तर?

ज्यांच्या घरी आठवड्यातून एकदाच नळाला पाणी येते त्यांना पाणीखाऊ रोप देणे म्हणजे एक काम देणे आहे. कोरफड किंवा थोड्या पाण्यावर तगणारे दुसरे एखादे रोप द्यावे, तेही त्यांच्याकडे गॅलरी किंवा अंगण असेल तरच.

११. पाकिटात २०१ रुपये घालून दिले तर चालतील का?

नाही. सगळ्यांनी तेच केले तर पाकिटे नुसती गोल फिरतील. रोख रक्कम आहेराला शोभते, तेथे ती उपयोगीही पडते.

१२. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीस जणींना वाण द्यायचे आहे. हेच नियम लागू होतात का?

अंशतः. वाणात प्रत्येकीला एकच वस्तू द्यायची असल्याने प्रश्न ३ मधील निरीक्षण येथे कामाचे नाही. प्रश्न ४ चा नियम मात्र अधिकच लागू होतो, कारण नगामागे वीस-तीस रुपयेच हाती असतात. त्या रकमेत प्लास्टिकचा डबा घेतला तर तिच्या घरी तसे डझनभर आधीच असतात, आणि पुढच्या वर्षी तोच डबा दुसऱ्या कोणाच्या वाणात फिरून येतो. संपून जाणारी वस्तू लुटावी: हळकुंडांची लहान पुडी, पाव किलो गूळ, चांगल्या काडेपेट्यांचा पुडा, शिवणाच्या सुयांचे पाकीट. होलसेल दुकानात संक्रांतीच्या आठवड्यात भाव चढतात, तेव्हा खरेदी डिसेंबरमध्येच उरकावी.

१३. गटात विधवा भगिनी आहेत, मुस्लिम आणि बौद्ध सहकारीही आहेत. कोणाला दुखावणार नाही असे काय द्यावे?

माणूस पाहून द्यावे, जात-धर्म पाहून नव्हे. तरीही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. देवाची मूर्ती, तसबीर, कवड्यांची माळ किंवा पूजेचे साहित्य समोरच्याची श्रद्धा ठाऊक असल्याशिवाय देऊ नये. हिंदू सहकाऱ्यालाही हे लागू आहे, कारण प्रत्येक घराचे कुलदैवत आणि रीत निराळी असते. मुस्लिम सहकाऱ्याला सुगंध द्यायचा असेल तर स्प्रेऐवजी अत्तराची लहान कुपी घ्यावी. स्प्रेमधील अल्कोहोल काहींना चालत नाही, आणि संभाजीनगरच्या अत्तरवाल्यांकडे लहान कुप्या सहज मिळतात. कुप्या हुंगून पाहाव्यात आणि उग्र टाळावी.

विधवा भगिनींबाबत आमचे मत स्पष्ट आहे. त्यांना वगळू नये आणि त्यांच्यासाठी वेगळी, फिकी वस्तूही आणू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. बांगड्या किंवा कुंकवाचा करंडा यांचा आग्रह मात्र कोणीच धरू नये. ज्यांना त्या हव्या आहेत त्या चिठ्ठीवर लिहितील.

१४. सुरी, कात्री, रुमाल देऊ नये म्हणतात. खरे का?

असे मानणारी घरे आहेत, आणि दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी कोणाच्या मनात पाल चुकचुकू देण्यात अर्थ नाही. सुरी फारच उपयोगाची वाटली तर घेणाऱ्याकडून एक रुपया घ्यावा, म्हणजे ती विकत दिली असे होते. रुमालाबाबतही तीच युक्ती चालते.

१५. चिठ्ठीत साहेबांचे नाव आले आहे. जास्त खर्च करावा का?

अजिबात नाही, मर्यादा सर्वांना सारखी असण्यातच या पद्धतीची गंमत आहे, आणि वरिष्ठांनीही शिपायाला देताना ती ओलांडू नये. सरकारी कार्यालयांत एक गोष्ट अधिक सांभाळावी. शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि भेटी स्वीकारण्यावर त्यांत निर्बंध आहेत. म्हणून चिठ्ठीचा गट कार्यालयातील सहकाऱ्यांपुरताच ठेवावा. कंत्राटदार, पुरवठादार किंवा कामासाठी येणारे कोणी कितीही घरोब्याचे असले तरी त्यांना त्यात घेऊ नये.

१६. आहेरात आलेली नवीकोरी वस्तू घरात पडून आहे. ती दिली तर चालेल का?

ती त्या माणसाला खरोखर उपयोगी असेल, तरच. आधी खोके उघडून आतली चिठ्ठी, नाव कोरलेले आहे का, वॉरंटीची मुदत हे सारे पाहावे. ज्यांनी ती वस्तू दिली ते याच गटात नाहीत ना, याची खात्री करावी. लहान गावात वस्तू फिरत फिरत मूळ घरी परततात. नुसती अडगळ काढण्यासाठी दिलेली वस्तू ओळखू येते.

१७. मी विचार करून भेट दिली आणि मला मात्र प्लास्टिकची फुलदाणी मिळाली. काही म्हणावे का?

सर्वांसमोर काही म्हणू नये, आणि तुलना तर मुळीच करू नये. दरवर्षी एकाच व्यक्तीकडून असे होत असेल तर यादी ठेवणाऱ्याने तिच्याशी खासगीत बोलावे. पुष्कळदा आळसापेक्षा पैशांची ओढाताण हेच त्याचे कारण असते, आणि मग प्रश्न २ मधील मर्यादा पुढच्या वर्षी खाली आणणे हा उपाय ठरतो.

१८. चिठ्ठ्या काढल्यानंतर एका बाईंची बदली झाली. त्यांची भेट आणि त्यांनी द्यायची भेट, दोन्हींचे काय?

यादीचे पाकीट अशा वेळी उघडावे. बाई सहभागी राहणार असतील तर दोन्ही भेटी पोस्टाने जाऊ-येऊ द्याव्यात आणि पाठवणावळ मर्यादेबाहेर धरावी, नाहीतर वस्तूला काही उरत नाही. अशा वेळी काच, माती आणि तेलकट पदार्थ टाळून कापड, पुस्तक किंवा हळकुंडे निवडावीत. त्या गटातून पूर्णपणे बाहेर पडत असतील तर त्यांच्या हातात ज्यांचे नाव होते त्यांना, बाईंचे नाव ज्यांच्याकडे आले होते त्यांनी भेट द्यावी. साखळी एका कडीने लहान होते, पण कोणी रिकाम्या हाताने राहत नाही. वस्तू आधीच घेऊन झाली असेल तर ती बाईंना निरोप म्हणून द्यावी आणि नव्या भेटीचा खर्च सर्वांनी वर्गणी काढून उचलावा.